पंखा एकवर चालवून दाखवा

मी घरी ब्लाउज शिवते. धनकवडीत आमची जागा आहे, त्यातली दहा बाय बाराची खोली शिवणाची. मशीन, कापड बेतायचं टेबल, इस्त्री आणि छताला पंखा. ह्या पंख्यावरून माझी वीस वर्षं एकच तक्रार होती. जोरात लावला की टेबलावरचं अस्तर गोळा व्हायचं आणि कागदी फर्मे खोलीभर व्हायचे. हळू लावला की नुसती घरघर, वारं लागायचंच नाही. एप्रिल-मे महिन्यात, इस्त्री तापलेली असताना, पंखा बंद करून शिफॉन बेतायचं म्हणजे काय होतं ते जिने केलंय तिलाच माहीत. कपाळावरचा घाम कापडावर पडू नये म्हणून दर दोन मिनिटांनी मान वळवून पदराने पुसायचा. लोकांचं कापड असतं. डाग पडला तर भरून द्यावं लागतं, आणि बाईचा विश्वास जातो तो वेगळाच.

ह्या मार्चमध्ये तो पंखा सुरू होईना. काठीने पाती ढकलली की फिरायचा. कंडेन्सर बदलला, महिनाभर बरा चालला, मग बेअरिंग वाजायला लागलं. वाइंडिंगही काळं पडलं होतं. दुरुस्तीला आठशे रुपये घालण्यापेक्षा नवीन घ्यायचं ठरलं. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, ह्या वेळी पंखा माझ्या कामाला चालेल असाच घ्यायचा, दुकानदार दाखवेल तो नाही.

खरेदीला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. पुण्यात विजेचं सामान घ्यायचं म्हटलं की पाय तिकडेच वळतात. बसने स्वारगेट, तिथून एक स्टेशन मेट्रोने मंडई, पुढे चालत. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, वर पंखे आणि माळा टांगलेल्या, मधूनच वायरची बंडलं घेऊन हातगाडी येते. पण एका गल्लीत दहा दुकानं बघून होतात आणि भावही कळतो. क्रॉम्प्टन, ओरिएंट, उषा, हॅवेल्स, बजाज, आयआयटी मुंबईच्या मुलांनी सुरू केलेली अ‍ॅटमबर्ग, सगळे एकाच ठिकाणी बघायला मिळतात.

जाताना पिशवीत दोन गोष्टी घेतल्या होत्या. जॉर्जेटचा हातभर तुकडा आणि बाहीचा एक कागदी फर्मा.

पहिल्या दुकानात पोराने बटण दाबलं आणि पंखा पूर्ण वेगाने सोडला. "बघा ताई, हवा कशी मारतो!" हवा मारत होता, खोटं नाही. मी म्हटलं, आता एकवर लावून दाखवा.

"एकवर कोण चालवतं, ताई?"

"मी चालवते."

तो म्हणाला, इथे रेग्युलेटर नाही, थेट जोडलाय. पुढच्या दोन दुकानांतही हेच. सगळ्या दुकानांत पंखे थेट जोडलेले, सगळे पाचवर. गिऱ्हाईक दोन मिनिटं खाली उभं राहतं, केस उडतात, पैसे देतं. घरी गेल्यावर मात्र आपण पंखा पाचवर किती वेळ चालवतो? रात्री दोन-तीनवर, पहाटे एकवर, थंडीत एकवरच. म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर कायमच हळू. ज्या वेगावर पंखा सगळ्यात जास्त वेळ फिरणार तोच वेग दुकानात बघायला मिळत नाही, हे मला त्या दिवशी फार खटकलं.

चौथं दुकान लहान होतं. गल्ल्यावर एक वयस्कर काका. मी काय म्हणते ते त्यांनी नीट ऐकून घेतलं, माझ्या हातातला जॉर्जेटचा तुकडा बघितला आणि पोराला म्हणाले, "साध्या पंख्याला रेग्युलेटर जोड आणि शेजारच्याचा रिमोट दे. दोन्ही एकवर दाखवू, ताई ठरवतील." मी त्यांच्या काउंटरच्या काचेवर तुकडा पसरला, शेजारी फर्मा ठेवला.

साधा पंखा एकवर आला तेव्हा कापड निपचित पडून होतं. पण माझ्या मानेलाही काही लागत नव्हतं, आणि मोटरीतून तोच आवाज, माझ्या घरच्यासारखा, गुंऽऽ असा. दोनवर थोडं वारं आलं. तीनवर केला आणि फर्मा उचलला गेला तो थेट काउंटरखाली. म्हणजे मला हवा असलेला वेग दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी होता आणि तिथे बटण थांबत नव्हतं.

मग शेजारचा, बीएलडीसी, म्हणजे चुंबकाच्या मोटरीचा, रिमोटवर चालणारा पंखा. त्याला सहा वेग होते. एकवर पात्या मोजता येत होत्या, आवाज शून्य. दोनवर मानेला वारं जाणवलं. तीनवर जॉर्जेटची मोकळी कड थरथरायला लागली, नुसती थरथरत राहिली, पण तुकडा जागचा हलला नाही. फर्म्याचं एक टोक किंचित उचललं जायचं आणि परत बसायचं. मी तिथे पाच मिनिटं उभी राहिले. दुकानात गर्दी होती, तरी काकांनी घाई केली नाही.

असं का होतं ते त्यांनी सांगितलं, ते जमेल तसं सांगते. साध्या पंख्याची मोटर थेट आपल्या घरच्या विजेवर चालते. रेग्युलेटर फक्त तिला मिळणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी करतो. दाब कमी झाला की मोटरीचा जोरच कमी होतो, म्हणून ती एकवर रडते आणि घुमते. बीएलडीसी पंख्याच्या फिरणाऱ्या भागात लोहचुंबक असतात आणि आत एक छोटं सर्किट असतं. वेग किती ठेवायचा ते सर्किटच ठरवतं. त्यामुळे हळू फिरतानाही त्याच्यात जोर असतो. घरातला दाब खाली-वर झाला तरी वेग तोच राहतो. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजता सगळ्यांचे एसी लागले की जुना पंखा मंदावायचा. हा मंदावत नाही.

खोक्यावरच्या चांदण्यांबद्दलही एक सांगते. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे. पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो, त्याला किती वॅट लागतात त्याने भागायचं, जो आकडा येतो त्यावर चांदण्या ठरतात. म्हणजे २२० घनमीटर हवा आणि ३२ वॅट असतील तर पावणेसात-सात येतात. साध्या ७५ वॅटच्या पंख्याला तीनच्या आसपास. लेबल जरूर बघा, आयएस ३७४ लिहिलेला आयएसआयचा शिक्काही बघा, पण हे आकडे पूर्ण वेगाचे असतात. एकवर तो पंखा कसा वागेल हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते उभं राहूनच बघावं लागतं.

मी घेतलेल्या पंख्याचं नाव इथे देत नाही. त्यात मला एक दोष मिळाला, तो पुढे येईलच, आणि एका नगावरून कुठल्या कंपनीला नाव ठेवणं बरं नाही. माप १२०० मिलिमीटर, म्हणजे टोकाला टोक ४८ इंच. दहा बाय बाराच्या खोलीला तेवढं पुरतं. किंमत २,९५० रुपये. त्याच दुकानात साधा पंखा १,७०० ला होता. वॉरंटी कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का मी तिथेच उभ्याने मारून घेतला, आणि हे सगळ्यांनी करावं. साध्या पंख्याची मोटर जळली तर गल्लीतला माणूस वाइंडिंग करून देतो. ह्याचं सर्किट गेलं तर तो हात लावत नाही, कंपनीचाच माणूस लागतो. बिल हरवलं की संपलं.

आता बसवणं. पंख्याच्या निम्म्या गोष्टी दुकानात ठरतात आणि उरलेल्या निम्म्या शिडीवर, हे मी आता शिकले आहे.

दुकानातून फिटिंग मिळत नव्हतं, म्हणून इमारतीत कामं करणाऱ्या एका वायरमनला बोलावलं. पोरगा हुशार, हात झपझप चालणारा. पण चार ठिकाणी मला त्याला थांबवावं लागलं.

पहिली गोष्ट रेग्युलेटरची. त्याने जुना रेग्युलेटर तसाच ठेवला आणि म्हणाला, पाचवर ठेवा, हलवू नका. घरात सासूबाई आहेत, त्यांचा हात तीस वर्षांच्या सवयीने त्या बटणाकडे जाणार. आतल्या सर्किटला पूर्ण दाबच लागतो, रेग्युलेटर फिरवला तर ते बिघडू शकतं. माहितीपत्रकात हे ठळक लिहिलेलं असतं. मी तो काढायला लावला आणि भोकावर कोरी पट्टी बसवली. चाळीस रुपयांचं काम.

दुसरी गोष्ट हिरव्या वायरची. पंख्यातून तीन वायरी येतात, आमच्या छतात दोनच होत्या. इमारत जुनी आहे, त्या काळी पंख्याच्या पॉइंटला अर्थिंग ओढतच नसत. त्याने हिरवी, अर्थिंगची वायर गुंडाळून छताजवळ रॉडवर असते त्या वाटीत कोंबली. मी विचारलं, बोर्डापासून तिसरी वायर ओढता येईल का? पाइप मोकळा होता, अर्ध्या तासात ओढून झाली. अडीचशे रुपये जास्त लागले. माझ्या खोलीत इस्त्री आहे, पावसाळ्यात कपडे वाळत असतात, भिंतीला ओल येते. ते अडीचशे मला जड गेले नाहीत.

तिसरी गोष्ट पिनेची. ही मी कधीच विसरणार नाही. रॉड छताच्या हुकात अडकवतात तेव्हा हुकातून एक जाड बोल्ट जातो, त्याला नट, आणि नटाच्या पुढे बोल्टला एक बारीक भोक असतं. त्या भोकातून दोन पायांची पिन घालून तिचे पाय दोन बाजूंना वाकवायचे असतात. पंखा दिवसरात्र थरथरतो, त्या थरथरीने नट एक-एक आटा करत सैल होतो. पिन असेल तर सुटून पडत नाही. पंखा लागला, वाटी वर सरकवली, तो खाली उतरला, आणि मी खोकं आवरायला घेतलं तर प्लास्टिकच्या पुडीत ती पिन तशीच.

"दादा, ही राहिली."

"नट एकदम टाइट केलाय, ताई. काही होत नाही."

"मी सकाळी नऊ ते रात्री आठ ह्याच्या खाली बसते."

तो काही बोलला नाही. शिडीवर चढला, वाटी खाली घेतली, पिन घातली, पक्कडीने पाय वाकवले आणि मला म्हणाला, या, वर येऊन बघा. मी चढून बघितली. खालच्या टोकाला, रॉड मोटरीला जोडतात तिथेही अशीच एक पिन असते, तीही बघितली. तुमच्याकडे पंखा लागला की खोक्यात पिन उरली आहे का, एवढं एक जरूर तपासा.

चौथी गोष्ट म्हणजे तो दोष. पंखा सुरू केला, चारच्या पुढे गेला की डुलायला लागला. वाटी टकटक वाजायची. वायरमन म्हणाला, नवीन आहे, थोडं हलणारच, आठवड्यात बसेल. मला ते पटलं नाही. डुलणारं काही आपोआप बसत नाही, मशीनचं चाकही नाही आणि पंखाही नाही. तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी एमसीबी खाली पाडला, लेकीला शिडी धरायला लावली आणि माझा शिवणाचा टेप घेऊन वर चढले.

छतावर खडूने एक खूण केली. खुणेपासून टेप सरळ खाली सोडला आणि एक-एक पाती हाताने फिरवून त्याच खुणेखाली आणली. जागा बदलायची नाही, कारण छत कुठे खाली-वर असेल सांगता येत नाही. पहिल्या पातीचं टोक चौदा इंच. दुसरीचं चौदा. तिसरीचं साडेतेरा. परत मोजलं, पुन्हा साडेतेरा. तिचे स्क्रू सोडून परत आवळले, तरी साडेतेरा. पाती काढून टेबलावर सपाट ठेवली तेव्हा दिसलं, देठाजवळ पत्रा किंचित वाकलेला होता. खोकं कुठेतरी आपटलं असणार. ब्लाउजच्या मुंढ्यात अर्धा इंच चुकला तर बाही बसत नाही. इथे तर ते मिनिटाला साडेतीनशे वेळा फिरणार होतं.

पाती वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा तपकीर गल्ली. काकांनी ती काचेवर ठेवून बघितली आणि बोलले, एक बदलून उपयोग नाही, उरलेल्या दोन्हीही आणा. एका खोक्यातल्या तिन्ही पात्या वजनाला जुळवलेल्या असतात, दुसऱ्या खोक्यातली एक घातली तर परत डुलेल. आधी फोन केला असता तर एक खेप वाचली असती, पण त्यांनी बरोबर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही देऊन नवा संच आणला. पैसे घेतले नाहीत. आता तिन्ही टोकं चौदा इंचांवर आहेत आणि सहावरही वाटी वाजत नाही. छतापासून पात्या निदान फूटभर खाली असाव्यात, नाहीतर वरून हवा ओढायला जागा राहत नाही, तेही ह्यात साधलं. जमिनीपासून त्या आठ फुटांच्या वर आहेत, कापड झटकताना हात लागत नाही.

शिवणाऱ्या बायकांसाठी आणखी दोन गोष्टी. पंख्याच्या बरोबर मोटरीखाली वारं कमी असतं, पात्यांच्या बाहेरच्या अर्ध्या भागाखाली जास्त. म्हणून मी बेतायचं टेबल आता मोटरीखाली घेतलं आहे आणि मशीन भिंतीकडे सरकवलं आहे. बेतताना कापड स्थिर, शिवताना अंगावर वारं. आणि दिवा पंख्याच्या पात्यांपेक्षा खाली हवा. आमची ट्यूब छताला होती तेव्हा पात्यांची सावली सुईवर लपलप करायची, डोकं दुखायचं. ती आता भिंतीवर सहा फुटांवर आणली आहे.

सात महिने झाले. मे गेला, पावसाळा गेला, ऑक्टोबरचा उकाडा गेला, नवरात्र-दिवाळीची गर्दी गेली. जॉर्जेट, शिफॉन, ऑर्गंझा, सगळं पंखा दोनवर ठेवून बेतलं. पैठणीच्या ब्लाउजला तीनवरही चालतो. गुरुवारी आमच्याकडे बऱ्याचदा दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर जुना पंखा भुंग्यासारखा घुमायचा, हा घुमत नाही. आणि वीज परत आली की ज्या वेगावर होता त्याच वेगावर सुरू होतो.

बिलाचं खरं तेवढंच सांगते. पूर्ण वेगावर ७५ वॅट आणि ३२ वॅट असा हिशोब केला तर रोज बारा तासांना अर्धा युनिट वाचतो, वर्षातले आठ महिने धरले तर सव्वाशेच्या आसपास. पण मी जुनाही हळूच चालवत होते आणि हळू चालवला की तोही कमीच खातो, त्यामुळे माझी बचत त्याहून कमी आहे. शिवाय माझ्या खोलीत सगळ्यात जास्त वीज इस्त्री ओढते. महिन्याला दहा-बारा युनिट कमी झालेले दिसतात. आमचं बिल १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यात जातं, वाचलेले युनिट ह्या वरच्या, महाग टप्प्यातले असतात, म्हणून पैशात थोडं बरं दिसतं. बाराशे रुपये जास्त दिले ते वर्षभरात निघतील असं वाटतं. ज्यांच्याकडे चार पंखे दिवसभर जोरात चालतात, त्यांचे लवकर निघतील.

तक्रारी आहेत. रिमोट पंख्याकडे रोखूनच दाबावा लागतो, मध्ये कपड्यांचा ढीग असेल तर घेत नाही. तो कापडाखाली हरवायचा, म्हणून उरलेल्या खणाची एक पिशवी शिवून बोर्डाशेजारी खिळ्याला अडकवली आहे, तो तिथेच राहतो. रिमोटचे सेल संपले तर भिंतीवरचं बटण पटकन बंद-चालू केलं की वेग बदलतो, पण एकवर यायला पाच-सहा वेळा खटखट करावी लागते. दुसरी तक्रार मोठी आहे. वेग बदलला की पंखा बीप करतो. सासूबाई दुपारी ह्याच खोलीत पडतात, त्यांना थंडी वाजू लागली की मी वेग कमी करते आणि त्या बीपनेच जाग येते. तो आवाज बंद करायची सोय ह्यात नाही. घेताना मी हे विचारलं नाही, तुम्ही विचारा.

पात्यांच्या पुढच्या कडेला धूळ जास्त धरते. महिन्यातून एकदा एमसीबी पाडून, जुनी उशीची खोळ पातीवर चढवून ओढून घेते, धूळ खोळीतच राहते, टेबलावर पडत नाही. पाती दाबायची नाही, हलक्या हाताने. आणि उतरायच्या आधी खुणेवर टेप लावून तिन्ही टोकं मोजते. परवाही चौदाच होती.

आता सासूबाईंच्या खोलीतला पंखा बदलायचा आहे. त्याच काकांकडे जाणार आहे. ह्या वेळी एकवर तर चालवून बघेनच, शिवाय बीप कुठल्यात बंद होतो तेही विचारेन.